पोर्टवर कोण बसलंय?

सकाळी ६.४०

रात्रपाळीच्या मुलाचा फोन. “मॅम, पॅच लावून सगळी मशीन्स रीबूट केली. बाकीची नीट आली, एकावरचा डेटानोड मात्र उठत नाहीये. दोनदा स्टार्ट करून बघितलं. मशीन परत रीबूट करू का?”

“नको. आहे तसं ठेव, मी लॉगिन होते.”

रीबूट केलं असतं तर डेटानोड बहुधा उठलाही असता, आणि नेमकं म्हणूनच ते नको होतं. बिघाडाबरोबर त्याचं कारणही पुसलं जातं आणि पुढच्या पॅचिंगला तोच बिघाड दुसऱ्या मशीनवर उभा राहतो. वेळ तशी थोडीच असते. डेटाचे ब्लॉक्स साठवणाऱ्या डेटानोडकडून खबर येणं थांबलं की साडेदहा मिनिटांनी सगळ्यांचा हिशेब ठेवणारा नेमनोड त्याला मृत धरतो आणि त्याच्याकडच्या ब्लॉक्सच्या नव्या प्रती इतरत्र करायला घेतो. प्रत्येक ब्लॉकच्या तीन प्रती असल्यामुळे डेटा जात नाही, पण नेटवर्कवर ताण येतो आणि नऊ वाजता अहवाल निघायचे असतात. हा प्लॅटफॉर्म एका वित्तसंस्थेचा. आम्ही तो हिंजवडीतल्या ऑफिसातून सांभाळतो. जुना क्लस्टर हडूप २.७ वर चालतो, शेजारी ३.२.१ वर नवा उभा राहतोय.

लॉगमध्ये बाइंड एक्सेप्शन आहे: ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’, पोर्ट ५००१०. मुलानं ‘एसएस’ कमांडनं यादी काढून ठेवली होती, हे त्यानं छान केलं. “पण मॅम, यादीत ५००१० नाहीच. पोर्ट मोकळा दिसतोय.”

यादी खरी होती, पण ती फक्त ऐकत बसलेल्या सॉकेट्सची होती. ते बंधन काढून सगळी कनेक्शन्स मागवली आणि ५००१० समोर आला. त्यावर कुणीही सर्व्हर नव्हता. लॉग गोळा करून काफ्काकडे पाठवणारा एजंट मशीन सुरू होताच जागा झाला होता, काफ्काच्या ९०९२ पोर्टशी त्यानं कनेक्शन जोडलं होतं, आणि त्या कनेक्शनचं आपल्या बाजूचं टोक म्हणून लिनक्सनं त्याला जो क्रमांक दिला तो होता ५००१०.

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनलाही आपल्या बाजूला एक पोर्ट लागतो. तो प्रोग्रॅम मागत नाही, कर्नल स्वतः देतं, आणि लिनक्समध्ये ते मुळात ३२७६८ ते ६०९९९ या तात्पुरत्या पोर्टांच्या पट्ट्यातून देतं. हडूप २ मधल्या साठवणीच्या सेवांचे जवळजवळ सगळे जुने पोर्ट याच पट्ट्यात पडतात: ५००१०, ५००२०, ५००७०, ५००७५, ५००९०. एरवी डेटानोड आधी उठतो म्हणून काही जाणवत नाही. रीबूटनंतर सगळे एकदम धावतात तेव्हा कधीतरी एखादा पाहुणा त्याच्या जागेवर बसतो. एसटीत आरक्षण केलेलं असावं पण सीटवर क्रमांकच लिहिलेला नसावा, तसं हे.

उपाय कर्नलमध्येच आहे. राखीव पोर्टांची एक सेटिंग असते. तिच्यात लिहिलेले क्रमांक कर्नल आपणहून कुणाला देत नाही, पण नाव घेऊन मागणाऱ्याला ते मिळतात. आधी ही सेटिंग लावली, मग एजंट रीस्टार्ट केला. हा क्रम उलटा झाला तर एजंट ५००१० सोडून ५००७५ वर जाऊन बसू शकतो. बंद झालेलं कनेक्शन टाइम-वेट अवस्थेत साठ सेकंद रेंगाळतं, तेवढं थांबलो. डेटानोड उठला.

“मॅम, एजंट किल केला असता तरी चाललं असतं ना?”

“आज चाललं असतं. पुढच्या रीबूटला काय?”

सकाळी ९.३०

ऑफिसात आल्यावर पहिलं काम म्हणजे सकाळची नोंद. कारण, पुरावा म्हणून एसएसचं आउटपुट, उपाय, आणि बाकीच्या मशीन्सवर हीच सेटिंग लावायचं चेंज तिकीट. राखीव यादी रीबूटनंतरही टिकायला हवी आणि एजंट सुरू होण्याच्या आधी लागू व्हायला हवी, ही ओळ मी ठळक करते.

हा दोष हडूप घडवणाऱ्यांना ठाऊक होता. डिसेंबर २०१७ मध्ये ३.० आलं तेव्हा त्यांनी हे पोर्ट तात्पुरत्या पट्ट्याच्या खाली आणले. नेमनोडचं वेबपान ५००७० वरून ९८७० वर आलं, डेटानोडचा डेटा पोर्ट ५००१० वरून ९८६६ वर. एचबेसनं तर आपले ६०००० चे पोर्ट १.० आवृत्तीतच १६००० वर नेले होते. त्यातून पुढचा गुंता झाला: हडूपची किल्ल्या सांभाळणारी केएमएस सेवा १६००० वरच होती, तेव्हा ३.० मध्ये तिलाही ९६०० वर हलवावं लागलं. नेमनोडचा मुख्य पोर्ट ८०२० तेवढा ३.० मध्ये ९८२० झाला आणि ३.०.१ मध्ये परत ८०२० वर आला. त्या एका आवृत्तीच्या काळात लिहिलेल्या सूचना अजून फिरताहेत, आणि त्या वाचून कॉन्फिगरेशन लिहिणाऱ्याला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ मिळतं.

एकाच मशीनवर डझनभर सॉफ्टवेअर नांदतात. ती वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वर्षी, एकमेकांना न विचारता लिहिलेली असतात. सगळ्यांना मिळून ६५५३५ पोर्ट आहेत आणि जावाच्या एका प्रक्रियेत एका नावाचा सहसा एकच वर्ग. आमचं निम्मं काम या दोन सामायिक गोष्टींवरचे दावे तपासण्याचं आहे.

सकाळी १०.३०

आता दुसऱ्या प्रकारचा दावा. नव्या क्लस्टरवर हाइव्ह ३.१.२ बसवतोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते आलं आणि पुढच्याच महिन्यात हडूप ३.२.१. इतकी समवयस्क आवृत्त्यांची जोडी, म्हणजे पटेल असं वाटावं. मेटास्टोअरची स्कीमा तयार करणारी आज्ञा दिली की पहिल्याच पावलाला कोसळते: ‘नो सच मेथड एरर’. ग्वाव्हा या गूगलच्या जावा लायब्ररीतल्या प्रीकंडिशन्स वर्गातली चेकआर्ग्युमेंट ही मेथड सापडत नाही.

गेल्या महिन्यात रुजू झालेली मुलगी माझ्या शेजारी बसून हे बघतेय. तिनं आपला गृहपाठ केलाय. “हाइव्हच्या लिब फोल्डरमध्ये ग्वाव्हा १९ आहे आणि तिच्यात चेकआर्ग्युमेंट आहे. मी उघडून बघितलं. मग नाही कसं म्हणतंय?”

हा प्रश्न मला फार आवडला, कारण इथेच बहुतेक माणसं वाट सोडून वेगळंच शोधायला लागतात. मेथडचं नाव तेच आहे, तिचा आकार वेगळा आहे. ग्वाव्हा १९ मधली चेकआर्ग्युमेंट एक अट, एक संदेश आणि मागून कितीही वस्तू घेते. त्या वस्तू अ‍ॅरे म्हणून जातात. २० व्या आवृत्तीत तिच्या जोडीला नेमकी एकच वस्तू घेणारी मेथड आली, दर वेळी अ‍ॅरे तयार करायचा खर्च वाचावा म्हणून. हडूप ३.२.१ हे ग्वाव्हा २७ समोर ठेवून कंपाइल झालंय. कंपायलरला एका वस्तूची नेमकी मेथड दिसली, त्यानं तीच निवडली आणि तिचा पूर्ण आकार बाइटकोडमध्ये कोरला. चालवताना समोर ग्वाव्हा १९ आली. सोर्स कोडची ती ओळ दोन्हीकडे अक्षरशः सारखीच दिसते, त्यामुळे कोड वाचून हे कधीच कळत नाही.

“मग कळायचं कसं?”

दोन पायऱ्या दाखवल्या. जावाला ‘व्हर्बोज क्लास’ हा पर्याय देऊन चालवलं की प्रत्येक वर्ग कुठल्या जारमधून उचलला ते छापलं जातं. प्रीकंडिशन्सपुढे हाइव्हच्या लिबमधल्या १९ चा पत्ता आला. मग ‘जावापी’ हे हत्यार दोन्ही जारवर चालवून त्या वर्गातल्या मेथड्सचे आकार शेजारी शेजारी ठेवले. नसलेली ओळ तिनं स्वतःच बोट ठेवून दाखवली.

याच्यापुढचा भाग मी मुद्दाम हळू सांगते, कारण इथे मशीनपरत्वे निकाल बदलतो. क्लासपाथवर एका नावाचे दोन वर्ग असतील तर जो आधी सापडेल तो जिंकतो. आणि क्लासपाथमध्ये फोल्डरपुढे तारांकन लिहून ‘यातल्या सगळ्या जार घे’ असं सांगितलं, तर त्या कुठल्या क्रमानं येतील याची हमी जावा देत नाही. त्याच मशीनवरही तो क्रम बदलू शकतो असं जावाच्या दस्तऐवजात लिहिलंय. एकाच फोल्डरमध्ये ग्वाव्हाच्या दोन जार राहिल्या तर चाचणीच्या मशीनवर उत्तम चाललेलं प्रॉडक्शनवर कोसळतं, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या जागी खरं बोलत असतात. म्हणून जार ठेवताना जुनी बाजूला काढलीच पाहिजे. ‘नवी टाकली’ एवढं पुरत नाही.

हाइव्हच्या लिबमधली १९ काढून हडूपबरोबर आलेली २७ तिथं ठेवली. स्कीमा तयार झाली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद दिसला, तरी मी तिकीट बंद करू दिलं नाही. कारण आता हाइव्ह, ज्याला १९ ची सवय आहे, ते २७ वर चाललंय. मधल्या काळात ग्वाव्हानं काही जुन्या मेथड्स काढल्या. फ्यूचर्स वर्गातली दोन आर्ग्युमेंट्स घेणारी अ‍ॅडकॉलबॅक २६ मध्ये गेली, आणि हाइव्हच्या एलएलएपी भागात ती वापरलेली आहे. आम्ही एलएलएपी लावत नाही. उद्या कुणी लावलं तर? पोर्टची टक्कर निदान सेवा उठतानाच दारात ओरडते. आवृत्तीची टक्कर ती ओळ चालेपर्यंत गप्प बसते, आणि ती ओळ महिनाअखेरीच्या एखाद्याच क्वेरीत असू शकते.

दुपारी १.३०

जेवताना तिनं विचारलं की मग सगळे एकच ग्वाव्हा का वापरत नाहीत. दुसरी वाट निघाली आहे, म्हटलं. हडूपनं ३.३.१ पासून स्वतःच्या वापरातली ग्वाव्हा वेगळ्या नावाच्या पॅकेजमध्ये गुंडाळून बरोबर ठेवली. तिचं नावच निराळं, त्यामुळे बाहेरच्या ग्वाव्हाशी गाठ पडत नाही. जार थोड्या फुगतात, पण या फुगण्याची तक्रार करू नये असं माझं ठाम मत आहे.

दुपारी २.१५

विश्लेषकांच्या चाचणी मशीनवरून तक्रार: “स्पार्क मास्टर बंद आहे, ८०८० उघडलं की ४०४ येतंय.”

बंद असता तर ४०४ कुणी दिला असता? कुणीतरी तिथे उत्तर देतंय. एसएसनं प्रक्रियेचा क्रमांक दिला, त्यावरून नाव कळलं: झूकीपर. ३.५ पासून झूकीपर आपल्याबरोबर एक छोटा प्रशासकीय वेब सर्व्हर घेऊन येतो आणि तो काही न सांगता ८०८० धरतो. स्पार्क स्टँडअलोन मास्टरचं वेबपानही ८०८० वरच. झूकीपर आधी उठला म्हणून स्पार्कनं मुकाट्यानं पुढचा क्रमांक घेतला, ८०८१. तो वर्करचा नेहमीचा पोर्ट, म्हणून वर्कर ८०८२ वर सरकला. सगळं व्यवस्थित चालू होतं, फक्त प्रत्येक जण शेजारच्या घरात राहायला गेलेला.

सकाळी मी म्हटलं की पोर्टची टक्कर ओरडते. स्पार्कला हे लागू नाही. पोर्ट भरलेला मिळाला तर तो एकेक पुढे सरकत पाहतो, मुळात सोळा वेळा. दहा जणांनी एकाच मशीनवर आपापले स्पार्क शेल उघडले तर त्यांची पानं ४०४०, ४०४१, ४०४२ अशी सुरळीत लागतात, तिथे ही सोय फार कामाची. कायमच्या सेवेला मात्र ती घातक आहे. मास्टरला ठरलेला पोर्ट मिळत नसेल तर त्यानं उठूच नये आणि कारण सांगावं, म्हणून आमच्याकडे अशा सेवांसाठी ही सरकण्याची संख्या मी शून्य करून घेतली आहे. हे मशीन त्यातून सुटलं होतं. झूकीपरच्या कॉन्फिगरेशनमध्ये प्रशासकीय सर्व्हर बंद केला, कारण इथे तो कुणी वापरत नाही. मग दोन्ही सेवा क्रमानं उठवल्या.

दुपारी ३.२०

संस्थेच्या एज नोडवरून नव्या क्लस्टरवर फाइल चढत नाही. फोल्डरची यादी दिसते, नवा फोल्डर तयार होतो, फाइल टाकायला गेलं की बराच वेळ अडकून मग संदेश येतो: शून्य नोड्सवरच लिहिता आलं, तीन डेटानोड चालू आहेत आणि तिन्ही वगळले गेले.

हा संदेश वाचून लोक डिस्क भरली का ते बघायला धावतात. खरी खूण त्या अडकण्यात आहे. यादी देणं, फोल्डर बनवणं ही नेमनोडची कामं, ती ८०२० वर होतात. फाइलचे बाइट्स मात्र नेमनोडमधून कधीच जात नाहीत. तो फक्त कुठल्या डेटानोडकडे जायचं ते सांगतो, आणि क्लायंट थेट त्या डेटानोडच्या ९८६६ वर जातो. तिथे कुणी नसतं तर नकार तत्काळ आला असता. मिनिटभर काहीच उत्तर न येणं म्हणजे वाटेत फायरवॉल पाकिटं गिळतोय.

संस्थेच्या नेटवर्क विभागातल्या अधिकाऱ्यांना फोन लावला. “मॅडम, तुमच्या यादीतले सगळे पोर्ट उघडलेत, हवं तर बघा. ५००१०, ५००२०, ५००७०, ५००७५.”

“सर, तुम्ही उघडले ते बरोबरच होते, यादीच जुन्या क्लस्टरची होती. नवी पाठवते: ८०२०, ९८६४, ९८६६, ९८६७, ९८७०. आणि नव्या क्लस्टरकडचे ते जुने नियम काढूनही टाका, तिथे आता त्यांचं काम नाही.”

“काढायचे पण? सहसा कुणी काढा म्हणून सांगत नाही.”

यादीतल्या प्रत्येक क्रमांकापुढे कोण कुणाकडे जातं तेही लिहून पाठवलं. नुसत्या आकड्यांवरून नियम बनवणाऱ्या माणसाला चूक ओळखायला काही आधारच नसतो. पाऊण तासात नियम लागला आणि फाइल चढली.

दुपारी ४.४५

पायस्पार्कचा एक जॉब. वर्करवरचं पायथन ३.६, ड्रायव्हरवरचं ३.८, आणि स्पार्क स्पष्ट सांगतोय की या फरकासकट चालणार नाही. फंक्शन्स एका बाजूला गुंडाळून दुसऱ्या बाजूला उघडायची असतात, त्यामुळे दुसरा आकडा जुळावाच लागतो. तिसरा वेगळा असला तरी चालतं. दोन्हीकडे एकच पायथन वापरायला लावणारा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरला, जॉब चालला. सगळ्याच चुकांचे संदेश इतके सरळ असते तर किती संध्याकाळी वाचल्या असत्या.

सायंकाळी ६.००

संस्थेबरोबर बैठक. विषय सकाळचीच ग्वाव्हा. त्यांच्या तांत्रिक प्रमुखांचं म्हणणं, “मॅडम, जार बदलून चालतंय ना? आमची सुरक्षा मंजुरी ३.२.१ साठी आहे. ३.३ वर जायचं तर ती प्रक्रिया पहिल्यापासून.”

त्यांची अडचण खरी आहे, मंजुरीला महिने जातात. तरीही मी हे सोडलं नाही. “सर, आम्ही तुमच्या क्वेरींपैकी ज्या चालवल्या त्या चालल्या. त्यावरून त्या वाटेवरच्या ओळींपुरतंच सांगता येतं. हातानं बदललेली जार ही कुठल्याच प्रकाशित जोडीचा भाग नाही. पुढे सुरक्षेचा एखादा पॅच आला, त्यानं हाइव्हचं लिब फोल्डर परत मूळचं केलं, तर ही चूक पुन्हा उभी राहील आणि तेव्हा हे आठवणारं माणूस टीममध्ये असेलच असं नाही. ३.३.१ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत या टक्करीचं मूळच काढलेलं आहे.”

“पण तिकडे दुसरं काही निघालं तर?”

“निघू शकतं. म्हणून थेट बदलूया असं म्हणत नाही. तीन मशीन्स द्या. तिथे पुढची आवृत्ती उभी करते, तुमच्या महिनाअखेरीच्या सगळ्या क्वेरी चालवते, आणि प्रत्येक प्रक्रियेनं कुठल्या जारमधून काय उचललं त्याची यादी मंजुरीच्या अर्जाला जोडते. मंजुरी देणाऱ्यांना आवृत्तीच्या आकड्यापेक्षा ती यादी जास्त उपयोगी पडेल.”

थोडा वेळ त्यांनी आपल्या लोकांशी बोलून घेतलं. तीन मशीन्स मिळाली. तोपर्यंत नव्या क्लस्टरवर एलएलएपी लावायचं नाही, हे इतिवृत्तात लिहून घेतलं.

सायंकाळी ७.१५

रात्रपाळीचा मुलगा आलाय. राखीव पोर्टांचा बदल आज रात्री जुन्या क्लस्टरवर एकेक मशीन घेऊन लावायचा आहे, त्याचा क्रम दोघांनी बसून तपासला. एका वेळी एकच डेटानोड खाली, तो परत आल्यावर कमी प्रती असलेल्या ब्लॉक्सचा आकडा शून्य होईपर्यंत थांबायचं, मग पुढचं मशीन.

जाता जाता त्यानं विचारलं, “नव्या क्लस्टरवरच्या मॉनिटरिंग एजंटला पोर्ट हवाय. ९८६८ देऊ का? एसएसमध्ये कुठेच नाही, सगळ्या मशीन्सवर बघितलं. नुसते ऐकणारेच नव्हे, सगळी कनेक्शन्स बघितली.”

त्यानं नीट बघितलं होतं. पण ९८६८ हा सेकंडरी नेमनोडचा पोर्ट. आमच्याकडे दोन नेमनोडची जोडी आहे, त्यामुळे सेकंडरी चालत नाही आणि जागा रिकामी दिसते. पुढे कुणी चाचणीसाठी साधा, एका नेमनोडचा क्लस्टर याच साच्यावरून उभा केला तर तिथे हा एजंट आधीच बसलेला असेल. ९८६० ते ९८७१ हा पट्टा हडूपसाठीच सोडायचा असं ठरवलं. त्याला १९१०० दिला. तो तात्पुरत्या पट्ट्याच्या खाली आहे आणि आमच्या यादीत कुणाचाही नाही. पोर्टांच्या नोंदवहीत त्यानं क्रमांक लिहिला, एजंटचं नाव लिहिलं, आणि ‘कोण कुणाकडे जातं’ या रकान्यापाशी थांबून विचारलं, “मॅम, मॉनिटरिंग सर्व्हर एजंटकडे येतो की एजंट सर्व्हरकडे जातो?”

“सर्व्हर येतो. म्हणजे फायरवॉलचा नियम कुठल्या बाजूनं लागेल?”

त्यानं सांगितलं, बरोबर सांगितलं, आणि नेटवर्क विभागाचं तिकीट स्वतःच लिहायला घेतलं.